खिंडीतली हाळी

सांगावा आला तेव्हा मी अंगणवाडीत ताट वाजवत होते.

दुसऱ्या गावांतल्या बाया पोरांना "गप्प बसा" म्हणतात, मी पळीनं ताट बडवायची. एकदा वाजलं की हाताची घडी, दोनदा वाजलं की खिचडीची रांग. पोरं बिचारी महिन्याभरात तरबेज झाली होती. गावातली टवाळ माणसं म्हणायची, चंपाबाईच्या अंगणवाडीत रोज आरती असते. मला ऐकू यायचं, पण उलट बोलायची सोय नव्हती. मला उलट बोलता येऊ नये, ह्याच्यापेक्षा मोठी शिक्षा देवालाही सुचली नसती.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू. अंगणवाडीच्या पायरीला त्यांनी कधी पाय लावला नव्हता. सून पोरं राखायचा पगार घेते, हे त्यांना पटायचंच नाही. त्या इथवर आल्या म्हणजे काहीतरी झालं होतं.

"चंपे, पोरं घरला लाव," त्या म्हणाल्या. चौकट धरून धापा टाकत होत्या. दम्यामुळं त्यांचं अर्धं बोलणं खोकल्यातच जायचं. "तुझी आई गेली गं. पहाटंच गेली. उंबरमाचीचा माणूस येऊन गेला. त्याला अजून दोन गावं गाठायचीत, उंबऱ्यातनंच माघारी फिरला. तुझ्यासाठी थांबल्यात म्हनला. पन दिवस मावळायच्या आत ये म्हनला."

मी तोंड उघडलं. आई गेली म्हटल्यावर माणसाच्या तोंडून जे निघतं ते काही ठरवून निघत नाही. माझ्या तोंडून नुसता वारा निघाला, फुंकणीतून निघतो तसा. पोरं माझ्याकडे बघत बसली होती, ताट वाजायची वाट बघत. शेवटी आत्याबाईंनीच ते ताट उचललं आणि वाजवलं.

माझा आवाज काय होता ते आधी सांगायला हवं. आमच्या घाटाखालच्या मुलखात गेलेल्या माणसासाठी मोठ्यानं रडतात. शहरात बायका तोंडाला रुमाल लावून डोळे पुसतात, तसलं रडणं आमच्याकडे कुणी धरत नाही. हेल काढायचा, आणि त्या हेलात गेलेल्याचं सगळं सांगायचं. कुणाला भाकरी दिली, कुणाशी भांडली, कुठल्या शेतात राबली, काय खायचं राहिलं. ज्याच्यासाठी कुणी असं रडलं नाही तो माणूस वाऱ्यावर गेला म्हणतात. ह्या रडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी हेल काढला की दगडासारखे गडी उठून भिंतीकडे तोंड करायचे. कुणी गेलं की आधी लाकडं बघा आणि मग चंपीला बोलवा, असं उंबरमाचीत म्हणायचे. लग्न होऊन इकडं आले तेव्हा आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "सून बोलली की कौलं हालत्यात गं बाई."

लेकीची आणखी एक रीत. उंबरमाची डोंगराच्या माचीवर आहे. तिकडं जाताना एक खिंड लागते, आणि खिंडीतून समोर, मधल्या खोल घळीच्या पलीकडे, सगळं गाव दिसतं. चालत जायला तिथून अजून घटकाभर वेळ लागतो. आई किंवा बाप गेला की सासरी दिलेली लेक त्या खिंडीत येऊन पहिली हाळी देते, तिथूनच रडणं सुरू करते. ते पलीकडे ऐकू गेलं की गावाला कळतं, लेक आली. मग सगळे थांबतात. ती येते, आईच्या तोंडात पाणी घालते, आपल्या हातानं शेवटचं लुगडं नेसवते, आणि मगच उचलतात.

त्या आधीच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. आई ओट्यावर पावटे सोलत बसली होती. मला म्हणाली, "चंपे, साऱ्या गावासाठी रडतीस. माझ्या येळंला कशी रडशील?"

"तुझ्यासाठी कशाला रडू? सुटले म्हणेन."

"तसं न्हाय. एकदा रडून दाखव की. मेल्यावर मला काय ऐकू येनार हाय व्हय?"

मग काय, मीही तसलीच. पदर डोक्यावर ओढला आणि दिला हेल. "आये गंऽ, माझ्या पावट्याच्या शेंगा कोन सोलंल गंऽ" म्हणून जी सुरुवात केली, ती तिच्या लग्नापासून माझ्या बाळंतपणापर्यंत सगळं घेतलं. आई पावटे टाकून ऐकत होती. मधेच म्हणाली, "माझ्या कबऱ्या शेळीचं राहिलं की गं." मी कबरी शेळी घातली. तोवर खालच्या आळीतून माणसं पळत आली. पुढं भिकूनाना, भावकीतला वडीलधारा माणूस, डोक्याला पटका गुंडाळत. बघतो तर म्हातारी ओट्यावर बसून हसतेय.

"अगं ए, जित्या मानसासाठी रडत्यात का?" नाना ओरडला. "अभद्र कुठली!"

दादा, माझा थोरला भाऊ, गोठ्याच्या दारात पोट धरून हसत होता. आई त्याला म्हणाली, "हनमंता, ध्येनात ठेव. खिंडीतनं हिची हाळी आल्याबिगर मला हलवायचं न्हाय."

"आन आली न्हाय तर?"

"येतीया. ती खिंडीत आली की मलाबी ऐकू येईल बघ."

पुढं श्रावणात माझ्या गळ्याची गाठ काढली. गलगंड होता, आमच्याकडे बऱ्याच बायकांना असतो, पण माझा गिळताना अडकायला लागला होता. मालक मुंबईला माथाडीत. ते आठ दिवस रजा काढून आले, तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, गाठ निघाली. शुद्धीवर आले आणि पाणी मागितलं, तर मागितलेलं माझं मलाच ऐकू आलं नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून मला माझा गळा आतून टीव्हीवर दाखवला. गुलाबी, ओलं, आणि मधे दोन पांढऱ्या पट्ट्या. "हे स्वरयंत्राचे पडदे," त्या म्हणाल्या. "बोलायचं म्हटलं की दोन्ही मधे येऊन मिटतात. खालून छातीतली हवा धडकते, त्यांना उघडते, ते परत मिटतात. परत उघडतात, परत मिटतात. एका सेकंदात शेकडो वेळा. त्या थरथरण्याचा आवाज होतो. आता 'ई' म्हणा."

मी 'ई' म्हटलं. उजवी पट्टी लगबगीनं मधे आली. डावी जागची हलली नाही. उजवी तिची वाट बघत मधेच उभी राहिली, आणि दोघींच्या मधल्या फटीतून हवा नुसतीच निघून गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"डाव्या पडद्याची नस दुखावलीय. गाठीला अगदी चिकटून होती ती," बाई म्हणाल्या. मग माझा हात धरून त्यांनी स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि 'अम्म' म्हणाल्या. बोटांखाली काडेपेटीत भुंगा ठेवावा तसं गुणगुणलं. तोच हात त्यांनी माझ्या गळ्यावर ठेवला. "म्हणा." मी म्हटलं. बोटांखाली काही नव्हतं.

"कवा येईल?" मी विचारलं. त्यांना कान पुढं करावा लागला.

"सहा महिने बघू. कधी कधी नस परत जागी होते."

घरी आल्यावर आत्याबाईंना मालकांनी हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे दोन झापांचं दार हाय. एक झाप मिटतंय, एक मोडलंय." डॉक्टरीणबाईंपेक्षा लवकर उरकलं त्यांनी.

माहेरी आम्ही काही कळवलं नाही. आई थकलेली, तिच्या जिवाला घोर कशाला. सहा महिन्यांनी आवाज घेऊनच जाऊ असं ठरवलं. भाऊबिजेलासुद्धा गेले नाही, कामाचा निरोप धाडला. आईसाठी घेतलेलं अंजिरी लुगडं ट्रंकेत तसंच राहिलं. रोज पहाटे उठले की दोन बोटं गळ्यावर ठेवायची आणि 'अम्म' म्हणायचं. ती नस काही जागी झाली नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं. आता माझ्या पोरींची लग्नं झाली, तरी नाही.

तर आई गेली त्या दिवशी ट्रंकेतून लुगडं काढलं आणि निघाले. मालकांना मुंबईला कळवायलाही वेळ नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, "मी येते संगट." मी मानेनं नको म्हटलं. डोंगर चढायचा होता आणि त्यांना आडावरून घागर आणायला जमत नव्हतं.

"तुला एकलीला कशी धाडू? वाटंत कुनाला काय सांगायचं झालं तर सांगनार कशी?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

एसटी दुपारी आली, ती सुद्धा उशिरा. मार्गशीर्षाचा दिवस, बघता बघता कलतो. फाट्यावर उतरलो तेव्हाच सावल्या लांबल्या होत्या. मी चढायला लागले. आत्याबाई दहा पावलं चालायच्या आणि दगडावर बसायच्या. मी थांबायची, मागं बघायची, वर बघायची. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा त्या चिडल्या.

"माझ्याकडं काय बघतीस? मी मरत न्हाय एवढ्यात. तू हो फुडं!"

मी पुढं झाले. पळालेच म्हणायचं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव आमच्याच दारात असणार. खिंडीत पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता. पण वेळेत पोचले होते. सूर्य माझ्या पाठीमागं, डोंगराच्या वर हातभर होता, आणि समोर, घळीच्या पलीकडे, आमचं घर दिसत होतं. अंगण माणसांनी भरलं होतं. पांढरे पटके, लाल-हिरवी लुगडी. वहिनीचा हेल स्पष्ट ऐकू येत होता, कुणीतरी बाजूला लाकूड फोडत होतं ते ऐकू येत होतं. अंगणाच्या मधे तिरडी बांधून तयार होती. तिच्याजवळ उभा असलेला उघडा माणूस दादा होता. तो खिंडीकडेच बघत होता.

मी पाय रोवले, बेंबीच्या देठापासून हवा ओढली आणि ओरडले.

लहानपणापासून ह्याच जागेवर उभी राहून मी ओरडत आले होते. शेळ्या वळवताना, बाजारातून येताना, सासरहून येताना. माझी हाळी जायची, पलीकडच्या कड्यावर आपटायची आणि परत माझ्याकडे यायची. त्या दिवशी काही गेलं नाही, काही परत आलं नाही. शेजारच्या कारवीवर एक पाखरू बसलं होतं, ते उडालंसुद्धा नाही.

परत ओरडले. परत. गळ्यात सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. मग लुगड्याची घडी मोडली आणि दोन्ही हातांनी ते डोक्यावर धरून हलवलं. दादानं कपाळावर हाताची सावली धरली. मला वाटलं, दिसले. पण सूर्य माझ्या मागं होता, सरळ त्याच्या डोळ्यांत. त्यानं थोडा वेळ तसं बघितलं आणि हात खाली घेतला. मी दोन दगड उचलून एकमेकांवर आपटले. ताट आणायला हवं होतं, असं वाटलं. खरंच वाटलं, आईच्या मयताला येताना मी ताट आणायला हवं होतं.

तेवढ्यात आत्याबाई वर आल्या. कशा आल्या त्यांचं त्यांना माहीत. समोर बघितलं, माझ्या हातातले दगड बघितले, आणि काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. सुनेच्या आईसाठी विहिणीनं लेकीसारखं रडायची रीत नाही. पण त्यांनी पदर डोक्यावर ओढला, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि हेल काढला.

"आये गंऽ, तुझी चंपी आली गं, आये..."

दुसऱ्या 'आये'ला खोकल्याची उबळ आली. त्या खाली बसल्या. परत "आये गं" म्हणाल्या, परत खोकल्या. तो आवाज समोरच्या झुडपापर्यंतसुद्धा गेला नसेल. खिंडीत आम्ही दोघी बायका, आणि दोघींत मिळून एक आवाज नव्हता.

पलीकडे भिकूनाना दादाजवळ आला, काहीतरी बोलला. दादानं मान हलवली. मग आणखी काही बोलणं झालं, दादा हात उडवून काहीतरी म्हणाला. चौघं वाकले. बायकांचा एकच गलका उठला. तो गलका घळ ओलांडून नीट माझ्यापर्यंत आला. त्यांचं सगळं मला ऐकू येत होतं.

मी उतरणीला लागले. ठेचा लागल्या, चप्पल गेली, लुगडं करवंदीला अडकून फाटलं. घळीत उतरले आणि गाव दिसेनासं झालं. वर चढून गावाजवळच्या ओढ्यापाशी आले तर पलीकडच्या मसणवट्यातून धूर यायला लागला होता. मी पाण्यात पाय घातला. भिकूनाना धावत पुढं झाला आणि आडवा आला.

"चंपे, मागं हो. बायामानसानं हितनं फुडं यायचं न्हाय. अगं, आता काय राहिलंय बघायचं?"

मी लुगडं पुढं केलं. त्यानं ते बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आता कुनाला नेसवतीस, बये?" तो म्हणाला. "येळंवर याचं हुतं."

अंगणात बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. एक सुटली की दुसरी. प्रत्येकीनं हेल काढला आणि प्रत्येकीनं माझा हेल निघायची वाट बघितली. मी तोंड उघडत होते, मिटत होते. कानाशी सांगायला गेले तर त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? वहिनी मला सोडून बाजूला झाली आणि शेजारणीला म्हणाली, "डोळ्याला पानी हाय बया. पन तोंडातनं शबूद न्हाय. साऱ्या गावासाठी रडली, आन सख्ख्या आईसाठी..." पुढचं तिनं पदरात दाबलं. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर पदरात दाबलं नसतं, तोंडावर बोलले असते.

दिवेलागणीला दादा परत आला. आंघोळ करून, ओल्या अंगानं. आईला जिथं ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा लावला होता. त्यानं त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आलीस?" तो म्हणाला. "भाऊबिजेला आली न्हाईस. म्हनलं आसंल काम. पन आज?"

मी त्याच्याजवळ गेले. तो मागं सरला.

"नाना सकाळधरनं म्हनत हुता, उचला. म्या न्हाय म्हनलो. म्हातारीनं सांगून ठेवलंय, चंपीच्या हाळीबिगर हलवायचं न्हाय. दिवसभर कान खिंडीकडं लावून बसलो. शेवटाला नाना म्हनला, खिंडीपतुर मानूस धाडून बघू, आली बी आसंल. आन म्याच म्हनलो, मानूस कशाला? चंपी खिंडीत आली तर मला कळनार न्हाय व्हय? म्याच म्हनलो, उचला."

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "खिंडीतच होते, दादा. तू बघत होतास."

"आता कानात कशाला बोलतीस? मोठ्यानं बोल. सगळ्या गावाला ऐकू दे."

नुकत्याच पोचून भिंतीला टेकून बसलेल्या आत्याबाई बोलल्या. मधे मधे दम घेत बोलल्या. "आवाज गेलाय तिचा, हनमंतराव. गाठ काढली तवापास्नं. खिंडीत उभी राहून गळा फाडून घेतला तिनं, मी डोळ्यानं बघितलं. पटत नसंल तर गळ्याला हात लावून बघा."

दादानं हात पुढं केला नाही. मग मीच त्याचा हात धरला आणि डॉक्टरीणबाईंनी ठेवला होता तसा माझ्या गळ्यावर, टाक्यांच्या वणाच्या वर ठेवला. बोटांना धुराचा वास येत होता.

मी हेल काढला. आईचं लग्न, आमची बाळपणं, तिच्या शेंगा, तिची कबरी शेळी, सगळं घेतलं, एक शब्द गाळला नाही. छाती दुखून आली. डोळ्यांतलं पाणी गळ्यावरून त्याच्या बोटांवर गेलं. त्यानं हात काढला नाही. बोटं दाबून धरून, दिव्याकडे बघत, तो काहीतरी लागायची वाट बघत होता.

"रड की गं, चंपे," तो म्हणाला.

मी रडतच होते.